टेप म्हणते १८०२, सूर्य म्हणतो १७६५. ३७ मिलिमीटर गेले कुठं?

डिशवाला_मिरज · २३ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी मिरजेत टीव्हीच्या छत्र्या बसवतो. बावीस वर्षं हाच धंदा. शिक्षण आयटीआय, त्यामुळे गणितात चूक दिसली तर सरळ सांगा, राग नाही.

तीन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला पोरग्याला घेऊन खोडदला गेलो होतो, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. ४५ मीटरच्या ३० छत्र्या. पोरगं आइस्क्रीम खात होतं आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो. तिथं एका मुलीनं समजावलं की दोन छत्र्यांत एकाच ताऱ्याचा सिग्नल थोडा मागं-पुढं पोचतो, आणि त्या मागं-पुढंवरून ताऱ्याची जागा कळते. मी विचारलं, ताऱ्याची जागा आधीच माहीत असली तर? ती म्हणाली, मग छत्र्यांमधलं अंतर कळतं, जगात खंडाखंडांमधली अंतरं अशीच मोजतात, मिलिमीटरपर्यंत. ते डोक्यात बसलं ते बसलंच.

तर मी काय केलं ते सांगतो. गिऱ्हाइकांनी काढून टाकलेल्या ६० सेंटीमीटरच्या दोन छत्र्या. आमच्या स्लॅबवर पूर्व-पश्चिम उभ्या केल्या. दोघींचा आस ध्रुवाकडं, म्हणजे पाइपला १६.८ अंशाचा कल, आणि बैलजोडीला जू असतं तशी मध्ये एक पट्टी, म्हणजे एक फिरवली की दुसरी तेवढीच फिरते. फीडपासून (छत्रीसमोरचं सिग्नल गोळा करणारं तोंड) फीडपर्यंत टेप लावली, १८०२ मिलिमीटर.

खरी अडचण एलएनबीची, म्हणजे फीडवरच्या त्या डबीची, जी सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणते. प्रत्येक एलएनबीत स्वतःचा ऑसिलेटर. आमच्या गल्लीच्या पलीकडंच तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत, तिथलं उदाहरण देतो. दोन तंबोरे दोघांनी आपापल्या कानानं लावले तर एकत्र वाजवताना व्हांव-व्हांव येतं. तसंच इथं. म्हणून दोन्ही एलएनबी उघडून २५ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल काढले आणि एकाच चांगल्या ऑसिलेटरवरून दोघांना २५ मेगाहर्ट्झ दिला, दहा-दहा मीटरच्या दोन केबलनं. (पहिल्या चार एलएनबी सोल्डरिंगमध्ये गेल्या. भंगारातल्या होत्या, म्हणून घरात कोण बोललं नाही.) तिथून येणारे दोन सिग्नल टू-वे स्प्लिटर उलटा लावून एकत्र केले आणि यूएसबीच्या डोंगलनं लॅपटॉपमध्ये पॉवर मोजली. ९.७५ गिगाहर्ट्झ ऑसिलेटरचे, १.२ डोंगलवर लावलेले, एकूण १०.९५ गिगाहर्ट्झ. लाट २७.४ मिलिमीटरची.

सुरुवातीला छत्र्या साडेतीन मीटर लांब ठेवल्या होत्या. लांब तितकं अचूक, असं वाटलं. काही म्हणजे काहीच आलं नाही. सगळे कनेक्टर बदलले, दोन रविवार गेले. मग वैतागून जवळ आणल्या, १.८ मीटरवर, आणि आली की लाट स्क्रीनवर! वर-खाली, वर-खाली, दर साडेतीन मिनिटाला एक पट्टा. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, गॅस बंद करून येते. परत आली नाही.

आता मूळ प्रश्न. १७ ते २१ मार्च रोज ११ ते १ निरीक्षण केलं, म्हणजे मध्यान्हीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास. पट्टे मोजले (साधारण साडेतेहतीस), एक्सेलमध्ये वक्र बसवला, सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचा कोन) धरली, पृथ्वी फिरण्याचा वेग ७.२९२ गुणिले दहाचा उणे पाचवा घात रेडियन दर सेकंदाला असा धरला. अंतर आलं ते असं:

१७ तारीख १७६५
१८ तारीख १७६७
१९ तारीख १७७२
२० तारीख १७६४
२१ तारीख १७६६

१९ तारखेचं सोडून द्या, त्या दिवशी आईनं स्लॅबवर कुरडया घातल्या होत्या, माझ्या पश्चिमेकडच्या केबलवरच जुनं लुगडं अंथरून. काहीतरी हललं असणार. बाकीचे चार दिवस बघा, तीन मिलिमीटरच्या आत जुळतात. पण टेप १८०२ सांगते. ३७ मिलिमीटर म्हणजे दोन बोटं होतात हो जवळजवळ. आणि खंडांमधलं अंतर मोजणारे मिलिमीटरच्या गप्पा मारतात. माझं चुकतं कुठं?

---

कट्ट्यावरचा_बाळू · २३ मार्च, रात्री ११:०५

भावा, लेझर मीटर आठशे रुपयांत येतो. 😀

डिशवाला_मिरज · २३ मार्च, रात्री ११:०९

लेझर मीटरनं सूर्याशी बोलता येतं का? गप की.

---

फेस_लेफ्ट · २४ मार्च, सकाळी ७:१५

मी कऱ्हाडचा. मोजणीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. रेडिओतलं मला ओ की ठो कळत नाही, पण सूर्यावर अझिमथ (उत्तर दिशेपासूनचा कोन) घेण्यात आयुष्य गेलं, म्हणून एक विचारतो. तुमची मध्यान्ह किती वाजता?

११ ते १ घेऊन तुम्ही १२ ला मध्य धरलेला दिसतो. घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि तुम्ही साधारण ७४.६५ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३१ मिनिटं तिथंच गेली. शिवाय मार्चच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या सात-आठ मिनिटं मागं असतो. मिरजेत सूर्य माथ्यावर येतो १२:३९ च्या आसपास. आमच्या जुन्या वहीत 'इक्वेशन ऑफ टाइम'चा तक्ताच चिकटवलेला असायचा.

म्हणजे तुमचे दोन तास मध्यान्हीच्या दोन्ही बाजूला सारखे नाहीत. जास्त भाग सकाळचा आहे. तिथं पट्टे किती कमी पडतात ते तुम्ही काढा, मला तुमचं सूत्र माहीत नाही.

दुसरं. टेप कुठली? कापडी असेल तर १८०२ मधला २ विसरा. स्टीलची असेल तर ती २० अंशाला बरोबर असते. उन्हात ४० अंशावर तुमच्या लांबीला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी चूक. सध्या ते तुमचं दुखणं नाही, पण लिहून ठेवा.

तिसरं. थिओडोलाइटवर (कोन मोजायची दुर्बीण) आम्ही कधीही एकच वाचन घेत नाही. फेस लेफ्ट, मग दुर्बीण उलटवून फेस राइट, आणि सरासरी. यंत्राची चूक एकदा अधिक, एकदा उणे होते आणि मरते. तुमच्या दोन केबलची अदलाबदल करता येईल का?

---

डिशवाला_मिरज · २४ मार्च, सकाळी ८:०२

काका, पाया पडतो. १२:३९ हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं दुपारचे बारा म्हणजे बारा.

आत्ता चहा पिता पिता हिशेब केला. सममित दोन तासांत सूर्याच्या कोनाच्या साइनचा फरक ०.५१७६ पाहिजे, माझ्या खऱ्या वेळेत तो ०.५१०२ च होता. १.४ टक्के. म्हणजे २६ मिलिमीटर परत मिळाले! टेप स्टीलची आहे, सुताराकडून आणलेली. केबलचं समजलं नाही, पण विचार करतो. उरले ११.

---

मेसरवाली · २४ मार्च, दुपारी ३:३०

दादा, मी मूळची सांगलीची, विश्रामबागेची. सध्या भूगणिताच्या व्हीएलबीआयचा (खोडदच्या मुलीनं सांगितलेली, लांबलांबच्या अँटेनांमधलं अंतर मोजायची पद्धत) डेटा जुळवणं हेच पोटापाण्याचं काम आहे. तुमची पोस्ट वाचून जेवणाची सुट्टी संपली तरी उठले नाही.

आधी उरलेल्या ११ पैकी ५ देते. ७.२९२ हा वेग ताऱ्यांसाठी. तारा २३ तास ५६ मिनिटांनी परत येतो. सूर्य स्वतः रोज एक अंश सरकतो, त्याला २४ तास लागतात, त्याचा वेग ७.२७२. फरक ०.२७ टक्के, तुमच्या लांबीवर ५ मिलिमीटर. मी शिकत असताना हीच चूक केली होती, आणि माझ्याकडे तर आयटीआयचं निमित्तही नव्हतं.

उरले ६. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण तुम्ही बरोबर उत्तर फेकून दिलंत. १९ तारखेच्या १७७२ मध्ये ३१ (आधीचे २६ आणि हे ५) मिळवा. १८०३ होतात. तुमची टेप! बाकीच्या चार दिवसांत मिळवा, १७९६ च्या आसपास अडकतात. आईंनी लुगडं अंथरलं म्हणून काही हललं नाही, उलट त्या एकाच दिवशी पश्चिमेची केबल सावलीत होती. मला सांगा, ती केबल एरवी कशावरून जाते? आणि पूर्वेची?

---

डिशवाला_मिरज · २४ मार्च, दुपारी ३:५१

आयला.

पश्चिमेची जिन्याच्या पन्हाळी पत्र्यावरून जाते. पूर्वेची कठड्याच्या सावलीतून.

---

मेसरवाली · २४ मार्च, रात्री ९:२०

वाटलंच. आता निवांत लिहिते, थोडं लांबेल.

तुमचा २५ मेगाहर्ट्झ एलएनबीत जाऊन ३९० पट होतो, म्हणजे ९७५०. केबलमध्ये २५ मेगाहर्ट्झची कला (फेज, म्हणजे लाट कुठे आहे ते) एक अंश हलली की वर ३९० अंश हलते, एका पट्ट्यापेक्षा जास्त. तांबं दर अंशाला दहा लाखांत १७ भाग वाढतं. दहा मीटर केबल ११ ते १ मध्ये दुसरीपेक्षा १७ अंश जास्त तापली असं धरा (मार्चमधला पत्रा, सहज), तर ती ३ मिलिमीटरच्या आत-बाहेर लांबली. केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या सुमारे ८३ टक्के वेगानं जातो, म्हणजे सुमारे साडेअकरा पिकोसेकंदांचा उशीर. ९.७५ गिगाहर्ट्झला तो एका पट्ट्याचा नववा भाग. ३४ पट्ट्यांत नववा भाग म्हणजे ०.३३ टक्के. १८०२ चे ०.३३ टक्के किती? सहा. केबलच्या आतल्या फोमचाही परिणाम असतो, त्यामुळे आकडा इतका गोड जुळला यावर फार भाळू नका, पण चोर हाच.

तुमचे चार दिवस आपसात जुळले याचं कारण पत्रा रोज ११ ते १ सारखाच तापतो. चूकही रोज सारखीच. आमच्या कामात या एका गोष्टीनं जितका घात केला आहे तितका दुसऱ्या कशानं नसेल. मोजमाप रोज तेच येतं म्हणून आपण खूश असतो, आणि अँटेनाच्या बुडाशी कुठेतरी पत्रा तापत असतो.

मोठ्या अँटेनांवरही हेच. घड्याळाचा सिग्नल खालच्या खोलीतून केबलनं वर रिसीव्हरपर्यंत जातो. अँटेना वळली की ती केबल पिळते, ताणली जाते. पूर्वेला वळल्यावर एक लांबी, पश्चिमेला दुसरी. हिशेबात ते थेट 'अँटेना सरकली' असं दिसतं! म्हणून त्या केबलची लांबी सतत मोजणारं वेगळं यंत्रच बसवतात, आणि रिसीव्हरच्या तोंडाशी ठरावीक अंतरानं बारीक स्पंदं सोडतात. ती स्पंदं ताऱ्याच्या सिग्नलसोबतच खाली येतात, त्यांची कला हलली की समजायचं, तारा नव्हे, आपली यंत्रणा हलली. तुमच्याकडे यातलं काही नाही, पण काकांनी सांगितलेली अदलाबदल आहे. निम्म्या निरीक्षणानंतर दोन्ही छत्र्यांच्या केबल एकमेकींना लावा, केबल आहेत त्या जागीच राहू द्या. पत्र्यावरची केबल आता पूर्वेच्या छत्रीची झाली, तिची चूक उलट्या चिन्हानं येईल. काका, मोजणीवाल्यांचं हे आम्ही तुमच्याकडूनच घेतलं आहे.

दुसरा उपाय त्याहून मूलभूत. ११ ते १ एवढंच बघू नका. सकाळी ९ पासून ४ पर्यंत बघा. कारण सांगते. केबल तापते ती दोन तासांत जवळजवळ सरळ रेषेत. मध्यान्हीच्या आसपास पट्टेही जवळजवळ सरळ रेषेतच वाढतात. दोन सरळ रेषा एकत्र आल्या की यातली छत्र्यांच्या अंतराची किती आणि केबलची किती हे कुठलंच गणित सांगू शकत नाही. पण सकाळ-संध्याकाळी साइनचा वक्र वाकतो, पट्टे रुंद होतात. केबल तशी वाकत नाही. तिथे दोघं वेगळे होतात.

व्हीएलबीआयची अर्धी अक्कल या एका वाक्यात आहे, फक्त तिथे गुंता तिघांचा. दोन अँटेना हजारो किलोमीटर लांब, मध्ये केबल नाही, दोन्हीकडे हायड्रोजन मेसरची, म्हणजे हायड्रोजनच्या अणूंवर चालणारी घड्याळं. दहा लाख अब्ज भागांत एक भाग अशी त्यांची स्थिरता, म्हणजे तो दर टिकला तर तीन कोटी वर्षांत एक सेकंद. तरीही प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो, त्यामुळे त्या घड्याळावरही विश्वास ठेवत नाहीत, त्याची चूक अज्ञात धरून डेटातूनच काढतात. दुसरं अज्ञात, अँटेनाची उंची. तिसरं, वरची हवा. हवेमुळे सिग्नलला सरळ डोक्यावरूनही समुद्रसपाटीला सुमारे २.३ मीटर इतका जादा रस्ता पडतो. त्यातला मोठा कोरडा भाग वायुदाबावरून निघतो, एका हेक्टोपास्कलला २.३ मिलिमीटर, म्हणजे वेधशाळेतला बॅरोमीटर एक हेक्टोपास्कल चुकला की हिशेबही तेवढा चुकला. बाष्पाचा भाग लहान, काही सेंटीमीटर ते तीसेक सेंटीमीटर, पण लहरी. जमिनीवरच्या आर्द्रतेवरून तो कळत नाही.

घड्याळाची चूक आकाशात कुठेही बघा, सारखीच. उंचीची चूक डोक्यावर सर्वात जास्त, क्षितिजाकडे कमी. हवेची चूक उलटी, ५ अंशांवर डोक्यावरच्या दहापट. म्हणून तिन्ही वेगळ्या करायच्या तर डोक्यावर बघा, लगेच क्षितिजाजवळ बघा, लगेच दुसऱ्या बाजूला बघा, हवा बदलायच्या आत. जुन्या मोठ्या छत्र्या वळायलाच मिनिटं घ्यायच्या. म्हणून नवीन पिढीच्या व्हीजीओएस अँटेना मुद्दाम लहान केल्या, १२-१३ मीटरच्या, पण सेकंदाला १२ अंश वळणाऱ्या. लोकांना वाटतं अचूकता म्हणजे मोठी छत्री. इथे छत्री लहान झाली आणि अचूकता वाढवता आली. ध्येय जागेत १ मिलिमीटर आणि वेगात वर्षाला ०.१ मिलिमीटर असं ठेवलेलं आहे.

तुमच्या १.८ मीटरला हवेची काळजी नाही, दोन्ही छत्र्यांवर हवा तीच. नशीबवान आहात.

साडेतीन मीटरवर काही आलं नाही ते कनेक्टरमुळे नव्हतं. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. छत्र्या लांब नेल्या की थाळीच्या एका भागाचे पट्टे दुसऱ्या भागाच्या पट्ट्यांवर उलटे पडतात आणि एकमेकांना पुसतात. तुमच्या लाटेला हे साधारण ३.५७ मीटरवर पूर्ण घडतं. तुम्ही अंदाजानं बरोबर त्याच खड्ड्यात छत्र्या ठेवल्यात! १.८ वर सुमारे ६० टक्के जोर उरतो. पाच मीटरवर पुन्हा थोडे पट्टे दिसतील, १३ टक्क्यांचे, आणि उलटे.

आम्हालाही हा त्रास आहेच. आम्ही बघतो ते क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं) अब्जावधी प्रकाशवर्षं लांब, म्हणून न हलणारे खुंट. पण जवळून पाहिलं तर त्यांतून फवारे निघतात, आकार बदलतो, मधला बिंदू सरकल्यासारखा वाटतो. सध्याच्या आयसीआरएफ-३ या आकाशाच्या चौकटीत ४५३६ स्रोत आहेत, पण चौकट ज्यांच्यावर टेकली आहे ते फक्त ३०३.

एक शेवटचं. तुमच्या पॉवरमध्ये पट्ट्यांखाली एलएनबीचं स्वतःचं चढउतार मिसळलेलं असणार. एका बाजूच्या सिग्नलच्या केबलमध्ये १० सेंटीमीटर ४ मिलिमीटरचा तुकडा रिलेनं आत-बाहेर करा. १.२ गिगाहर्ट्झला तो बरोबर अर्धी लाट आहे, पट्टे उलटे होतात. दोन वाचनांची वजाबाकी केली की चढउतार जातो, पट्टे दुप्पट होतात. मार्टिन राइल यांनी १९५२ साली हे प्रसिद्ध केलं. भंगारात रिले मिळेलच तुम्हाला.

---

प्रथमवर्ष_वालचंद · २५ मार्च, सकाळी ९:४४

मॅडम, एक शंका. जीपीएसनेही मिलिमीटरमध्ये येतं ना? मग क्वेसार कशाला?

मेसरवाली · २५ मार्च, दुपारी १:१०

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात, त्यांना पृथ्वी ताऱ्यांच्या तुलनेत नेमकी किती वळली आहे हे स्वतःहून कळत नाही. सगळी कक्षा थोडी वळली काय आणि पृथ्वी थोडी वळली काय, त्यांच्या दृष्टीनं सारखंच. ते फक्त क्वेसारांवरून निघतं. पृथ्वीच्या फिरण्याच्या वेळेत एक मिलिसेकंद चुकलं तर विषुववृत्तावर ४६ सेंटीमीटर. काकांच्या हातातला रोव्हर (मोजणीचं जीपीएस यंत्र) ज्या चौकटीत आकडे देतो, ती चौकट उभी करताना व्हीएलबीआय लागतं.

आणि सरकत्या खंडांचं म्हणशील तर अमेरिकेतलं वेस्टफर्ड आणि जर्मनीतलं वेटसेल यांच्यात सुमारे ६००० किलोमीटर अंतर आहे, ते वर्षाला साधारण १७ मिलिमीटर वाढतं. नखं वाढतात त्याच्या निम्म्या वेगानं.

फेस_लेफ्ट · २५ मार्च, दुपारी २:२५

यावरून आठवलं. व्हीएलबीआयचे पहिले प्रयोग १९६७ चे, असं वाचलं. आमच्याकडे त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप. मी तेव्हा पाटणला शाळेत. अंगणात झोपलेल्या माणसांनी एकमेकांचे हात धरलेले अजून आठवतात. जमीन हलते हे त्या दिवशी कळलं, किती हलते ते मोजायचं वेड पुढं नोकरीत लागलं.

ता. क. आमच्या वेळी मोजणीची साखळी उन्हात टाकली की वरिष्ठ ओरडायचे. केबलला वेगळं काय?

---

डिशवाला_मिरज · १२ एप्रिल, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला. आयपीएल सुरू झालं की आमचा सीझन. दिवसाला आठ-दहा घरं, मधेच तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर दोन कनेक्शन.

मधल्या दोन रविवारी आणि एका गुरुवारी (गुरुवारी गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं, बरं नाही म्हणून) केलं ते असं. दोन्ही केबल एकाच पाइपातून नेल्या, वर ओलं पोतं. वेळ सकाळी ९ ते ४. मध्यान्ह त्या त्या दिवसाची काढली, वेग सूर्याचा. अदलाबदल १२:३० ला. रिले एका जुन्या स्टॅबिलायझरमधला, टकटक आवाज करतो पण चालतो. एक्सेलला ताईंनी म्हटल्याप्रमाणे सरळ रेषा वेगळी आणि साइन वेगळा काढायला लावलं. त्यात पाच रात्री गेल्या, कारण मी अंश आणि रेडियन एका खान्यात गुंडाळले होते.

३० मार्च १८०१
६ एप्रिल १८०३
१० एप्रिल १८०२

टेपशी भांडण मिटलं. काकांच्या सांगण्यावरून पहाटे साडेपाचला, थंड असताना, टेप परत लावली. १८०२ आणि अर्ध्याच्या मध्ये. आता तो अर्धा टेपचा का माझ्या डोळ्यांचा, सांगता येत नाही.

एक खोडी पण केली. १० तारखेला तासभर मुद्दाम पश्चिमेची केबल पोत्यातून काढून पत्र्यावर टाकली. अदलाबदलीच्या आधी पट्टे एकीकडं सरकले, नंतर दुसरीकडं. डोळ्यांनी बघितलं. पोरग्याला बोलावलं तर त्यानं पण बघितलं आणि विचारलं, मग लुगडं टाकलं असतं तर सरकलं नसतं का? म्हटलं नसतं. तो खाली जाऊन आजीला सांगून आला.

पाच मीटरवर उलटे पट्टे खरंच येतात का ते बघायचं राहिलं. त्याला स्लॅबचा पश्चिमेचा कोपरा लागतो, आणि तिथं आता मिरच्या वाळत घातल्यात. आईनं स्पष्ट सांगितलंय, मिरच्या उचलेपर्यंत सूर्य माझा नाही. ताई, तोवर एक सांगा: ६० च्या छत्रीला क्वेसार दिसायची काही आशा?

---

मेसरवाली · १३ एप्रिल, दुपारी १२:५०

नाही हो दादा. या लहरीत सूर्य लाखो जान्स्कींचा (जान्स्की म्हणजे रेडिओ तेजाचं माप), आमचे नेहमीचे क्वेसार एक जान्स्की, कधी त्याहून कमी. पण तुमच्या त्याच जोडीनं टीव्हीच्या उपग्रहाकडे २४ तास बघा. एका जागी खिळलेला म्हणतात तो उपग्रह रोज किती डोलतो ते पट्ट्यांत दिसेल. त्याला पश्चिमेचा कोपरा लागत नाही.

कट्ट्यावरचा_बाळू · १३ एप्रिल, दुपारी १:०२

मिरची पावडर करणार असाल तर अर्धा किलो माझ्या नावानं ठेवा.

डिशवाला_मिरज · १३ एप्रिल, दुपारी १:१५

२४ तास म्हणजे रात्री पण केबलवर दव पडणार. पोतं काढू की ठेवू?

मेसरवाली · १३ एप्रिल, दुपारी १:२१

ठेवा. आणि पाइपात दोन स्वस्त थर्मामीटर टाका, दोन टोकांना. दर दहा मिनिटांनी आकडे लिहा, नंतर लागतील.

फेस_लेफ्ट · १३ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

थर्मामीटर आधी एकाच बादलीत बुडवून एकमेकांशी ताडून घ्या.